जिप्सी साठच्या वर थयथयाट करते, अलाइनमेंट करूनही फरक नाही. सॉलिड अ‍ॅक्सलवाल्यांनो, मदत करा

धरमपेठी_जिप्सी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे मारुतीची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. आधीच्या मालकाने पुढेमागे लांब शॅकल (स्प्रिंगचे पाटे चेसिसला टांगणारी झुलती पट्टी) टाकून गाडी थोडी उचललेली, टायर २३५/७५ आर १५. गावात चालवताना काही त्रास नाही. वर्धा रोडला साठ-पासष्टच्या वेगात डाव्या चाकाखाली सिमेंट रोडचा एखादा उंच सांधा आला, की स्टेअरिंग डावी-उजवीकडे असं काही हलायला लागतं की हातातून सुटेल की काय असं वाटतं. चाळीसच्या खाली वेग आला की आपोआप शांत.

एका चकाचक दुकानात कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली, बॅलन्सिंगही झालं. तिथला पोरगा म्हणाला, "या गाडीत कॅस्टर-कॅम्बर होत नाही साहेब, टो मारून दिला, सगळं हिरवं आहे." टो हिरवा आहे, गाडी लालच आहे! कागदावरचे आकडे:

कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय): डावा -०.३°, उजवा +०.९°
कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो वरून किती मागे कललाय): डावा १.०°, उजवा १.१°
टो (चाकं पुढून किती आत मिटलीत): डावा ०.१०°, उजवा ०.१२°

आता एक जण म्हणतो स्टेअरिंग डँपर (थरथर शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) टाक, दुसरा म्हणतो टायर बदल, तिसरा म्हणतो गाडीच बदल. काय करावं?

सावजी_प्रेमी
तिसऱ्याचं ऐका. मी घेतो, भाव सांगा.

पुणेरी_पाटी
नागपुरात साठच्या वर जायला रस्ता मोकळा मिळतो, हेच वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे हा आजार कधी कळणारच नाही.

ग्रीस_गन
आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: 'अलाइनमेंट केली' याचा सॉलिड अ‍ॅक्सलवर अर्थ फक्त टो लावला इतकाच होतो. कारच्या पुढच्या चाकांना दोन वेगळे टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) असतात, त्यामुळे मशीन डावा टो वेगळा, उजवा वेगळा दाखवतं आणि दोन्ही वेगळे लावता येतात. तुमच्याकडे एका नकलपासून (चाकासह वळणारा सांधा) दुसऱ्या नकलपर्यंत एकच रॉड आहे. दोन्ही टोकांचे लॉकनट ढिले करायचे, रॉड फिरवायचा, दोन्ही चाकं एकदमच उघडतात किंवा मिटतात. डावा-उजवा वेगळा आकडा म्हणजे त्या क्षणी स्टेअरिंग कुठे धरलं होतं, बाकी काही नाही. एकूण टो बघायचा. तुमचा ०.२२° भरतो. २३५/७५ चा व्यास साधारण ७३३ मिमी, म्हणजे पुढून पावणेतीन-तीन मिमी आत. जिप्सीचा टो २ ते ६ मिमी. बसतो त्यात.

म्हणजे टो ठीक, तरी गाडी नाचते. दुखणं टोमध्ये नाहीच.

चार_बाय_चार
+१. आणि डँपर टाकू नका. निदान आत्ता नको. डँपर दुखणं झाकतो, तोपर्यंत आतलं बेरिंग संपतं.

फुटाळा_फिरस्ता
माझ्या थारला पण असंच होतं ऐंशीला, २०२१ चं मॉडेल. किंगपिन बघू का?

चार_बाय_चार
@फुटाळा_फिरस्ता, तुमच्या थारला पुढे किंगपिन (नकल ज्यावर वळते ती उभी पिन) नाहीच, डबल विशबोन आहे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं सुटी. सॉलिड अ‍ॅक्सल फक्त मागे. २०१० ची सीआरडीई थार पण पुढून इंडिपेंडंट, टॉर्शन बारवाली. तुमचं दुकानवाला कारसारखंच बघेल. बॅलन्सिंग, बॉल जॉइंट, टायरला कुठे फुगा आलाय का, एवढं तपासा.

फुटाळा_फिरस्ता
म्हणजे मी या धाग्यावर बाहेरचा. वाचतो गप.

रिटायर्ड_फिटर
कॅम्बरचे आकडे पाहा जरा. कोणी बोललंच नाही त्यावर.

मी आयुध निर्माणीतून निवृत्त, माझ्याकडे जुनी सीजे-३बी जीप आहे. सॉलिड अ‍ॅक्सलला कॅम्बर कारखान्यातच हाउसिंगमध्ये (अ‍ॅक्सलच्या नळीत) बसवलेला असतो. सीजेला दीड अंश, जिप्सीला एक अंश. तो कोणी 'लावत' नाही आणि आपोआप बदलतही नाही. बदलला तर कारणं मोजकीच: हाउसिंग वाकलं, किंगपिनचं बेरिंग गेलं, किंवा चाकाचं बेरिंग ढिलं झालं. उजवीकडे ०.९ म्हणजे जवळपास बरोबर. डावीकडे उणे ०.३. एका बाजूला सव्वा अंशाचा फरक. गाडीचा भार आला की डावं चाक वरून आत झुकतंय. त्या पोराच्या मशीनने आजार छापून दिलाय, फक्त वाचायला कोणी नव्हतं.

असं करा. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, स्टँड लावा. डाव्या चाकाला वरून आणि खालून हात घालून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर चाकाचं बेरिंग. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, तिथे टाय रॉडचे एंड कळतात. पाच मिनिटांचं काम आहे, कॉम्प्युटर लागत नाही.

धरमपेठी_जिप्सी
काका, हा आकडा मी नुसता बघून सोडला होता. रविवारी जॅक लावतो.

वऱ्हाडी_ठेका
काऊन भाऊ, रविवारपर्यंत थांबून कायले राह्यले? जॅक तं गाडीतच असते नं!

माह्या महिंद्रा मेजरचं सांगतो. एका पावसाळ्यात असीच थरथर चालू झाली. किंगपिन पाह्यलं, टाय रॉड पाह्यला, सारं टाइट. मिस्त्री बी चक्रावला. मंग त्यानं चाक काढलं तं रिमच्या आतून काळ्या मातीचा थर! शेतातून आणली होती गाडी, माती आतून चिकटली अन् वाळून दगडावानी झाली. एका बाजूले निदान पाव किलो असन. खुरप्यानं खरवडली, पाणी मारलं, गाडी सुतासारखी सरळ. बॅलन्सिंगवाल्यानं त्या मातीसकट बॅलन्स केली असती तं धुतल्यावर अजूनच नाचली असती.

सावजी_प्रेमी
पाव किलो माती चाकात आणि सात-बारा गाडीच्या डिकीत. मेजरवाले शेतकरी.

वाडीचा_वाटसरू
हसू नका, वऱ्हाडीभाऊ बरोबर बोलून राहिले. उमरेड-कऱ्हांडल्याकडून परतताना जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास. रिमच्या आतल्या कडेला बोट फिरवायचं, थर लागला तर आधी प्रेशर वॉशर.

माझा अनुभव वेगळा आहे. माझी जिप्सी आधी सफारीत होती. तिथे गाडी जंगलातल्या कच्च्या रस्त्याने हळूहळू चालते, त्यामुळे बुश, किंगपिन, यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) सगळं खलास असलं तरी कोणाला कळत नाही, थरथर यायला वेगच लागतो. मी घेतली आणि समृद्धीवर शिवमडक्याहून काढली, तिथे पहिल्यांदा कळलं गाडी काय चीज आहे. पाट्यांचे बुश चपटे झाले होते, यू-बोल्टचा नट हाताने फिरत होता. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रबर सुकून तडकतं. तेव्हा रबरी बुशची तपासणी हा नागपुरात वार्षिक कार्यक्रम समजा.

ग्रीस_गन
@वाडीचा_वाटसरू, यू-बोल्टबद्दल पुढचं सांगतो, कारण हे फार जण विसरतात. पाट्यांचा गठ्ठा सेंटर बोल्टच्या डोक्याने अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसतो. यू-बोल्ट ढिले राहिले की सगळा जोर त्या एका बोल्टावर येतो आणि तो कापला जातो. मग अ‍ॅक्सल एका बाजूने मागे-पुढे सरकतो. मागच्या अ‍ॅक्सलचं झालं तर गाडी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला दिसतं, आपल्याला नाही. मशीनवाला म्हणतो थ्रस्ट अँगल (मागच्या चाकांची दिशा) खराब आहे, आणि पुढचं स्टेअरिंग फिरवून 'सरळ' करून देतो. टेप घ्या, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी. डावी-उजवी बाजू काही मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळी आली तर खाली बघायचं.

कॅस्टर_कुंडली
कॅस्टरवर कोणीच बोलेना म्हणून येतो. माझी आवडती व्याधी.

जिप्सीचा कॅस्टर साडेतीन अंश असायला हवा. तुमचा एक. हा आधीच्या मालकाच्या शॅकलचा पराक्रम. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सलचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. गंमत अशी की दोन इंच लांब शॅकल टाकून गाडी उचलते एकच इंच, कारण अ‍ॅक्सल पाट्याच्या मध्यावर असतो. म्हणजे अर्धी उंची मिळते आणि कॅस्टर पूर्ण जातो. मला विचाराल तर लांब शॅकल हा गाडी उचलायचा सगळ्यात वाईट मार्ग आहे.

कॅस्टर कमी झाला की वळणावरून स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भटकते. येतंय का स्टेअरिंग परत?

धरमपेठी_जिप्सी
नाही येत! शंकरनगर चौकात वळल्यावर हाताने परत आणावं लागतं. मला वाटलं जिप्सीचं असंच असतं.

कॅस्टर_कुंडली
नसतं तसं. दोन मार्ग: मूळ शॅकल परत टाका, किंवा पाटा आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीमध्ये पाचर द्या, दोन-अडीच अंशाची. पाचर लोखंडी किंवा पितळी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चुरगळते. उलट्या बाजूने लावली तर उरलासुरला कॅस्टरही जाईल, म्हणून लावण्याआधी आणि नंतर कोन मोजा.

पाचर दिली की किंगपिनसोबत पिनियनही (प्रोपेलर शाफ्टला जोडलेला गिअर) फिरतो, कारण सगळं एकाच हाउसिंगला जोडलेलं आहे. लांब शॅकलने वर गेलेला पिनियन पाचरीने परत जागेवर येतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत चिंता नाही. पण ज्यांनी उंच कमानीचे पाटे टाकून गाडी उचलली आहे त्यांनी पाचर टाकली की पिनियन आणखी खाली जातो, आणि फोर-व्हील लावल्यावर पुढच्या प्रोपेलर शाफ्टची घरघर सुरू होते.

चार_बाय_चार
थोडा असहमत. कॅस्टर कमी असल्याने गाडी भटकेल, पण हे थैमान त्याने सुरू होत नाही. उलट कॅस्टर फार वाढवला तरी थरथर येते. ढिल्या किंगपिनवर पाचर टाकली तर वाईट प्रकार वेगळ्या वेगाला सुरू होईल इतकंच. क्रम महत्त्वाचा. आधी सगळा प्ले (ढिलेपणा) काढा, मग कॅस्टर, मग टो, आणि स्टेअरिंगचं सेंटर सगळ्यात शेवटी.

कॅस्टर_कुंडली
क्रम मान्य. 'वाईट प्रकार' मान्य नाही :)

जिम्नी_नवखा
माझी जिम्नी आहे, पाच दारी. तिला पण दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल ना? दोन इंच उचलायचा विचार आहे. पाचर लागेल का?

चार_बाय_चार
@जिम्नी_नवखा, अ‍ॅक्सल सॉलिडच, पण पाटे नाहीत, कॉइल आहेत. अ‍ॅक्सल पुढे-मागे रेडियस आर्मने धरलेला आणि डावी-उजवीकडे एका लॅटरल रॉडने. उचलल्यावर कॅस्टर तिथेही कमी होतो, पण पाचर कुठे टाकणार? त्यासाठी आर्मचे ऑफसेट बुश किंवा खाली घेतलेले ब्रॅकेट येतात. आणि लॅटरल रॉड कोनात गेल्यामुळे पुढचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, मग स्टेअरिंग वाकडं दिसतं. त्याला लांबी बदलता येणारा रॉड लागतो. डँपर मात्र तुमच्याकडे कंपनीकडूनच आहे.

पुणेरी_पाटी
एवढं करण्यापेक्षा टायर मोठे घालून थांबलेलं बरं.

जिम्नी_नवखा
तेच करतो बहुतेक.

वऱ्हाडी_ठेका
रिमचा ऑफसेट बी पाहा बाप्पा. पोट्टे चाक बाहेर काढून मस्त दिसते म्हणून स्पेसर लावते. चाक जितकं बाहेर, तितका खड्ड्याचा झटका किंगपिनले जास्त.

धरमपेठी_जिप्सी
रविवारचा अहवाल. काका, तुम्ही घरी येऊन गेलात की काय?

डावं चाक वरून-खालून हलवलं तर स्पष्ट टक-टक. भावाला ब्रेक दाबायला सांगितला, तरी टक-टक तशीच. घाटरोडवरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने नकल उघडली तर आतलं ग्रीस कॉफीसारखं झालेलं, पाणी शिरलं होतं. खालच्या किंगपिन बेरिंगचे रोलर गंजून त्यांचे ठसे कपवर उमटलेले. स्टेअरिंग सरळ असताना रोलर नेमके त्या खाचांत बसत होते. नकलचं फेल्ट सीलही फाटलेलं. त्याच बाजूच्या यू-बोल्टचा नटही थोडा फिरला.

दोन्ही बाजूंना नवीन बेरिंग, नवीन सील टाकलं. मिस्त्रीने किंगपिनच्या झाकणाखालचा शिम (पातळ पत्रा) काढून नकल किती जड फिरते ते स्प्रिंग काट्याने ओढून बघितलं. शिम कमी केला की घट्ट, वाढवला की ढिलं. फार घट्ट करू नको असं मीच दोनदा म्हणालो, तर म्हणाला, "साहेब, धागा मी पण वाचला, तुमच्या मोबाइलवर."

अजून पासष्टला चालवली नाही. टो पुन्हा मोजायचा आहे, त्या दुकानात परत जायची इच्छा नाही. घरी होतो का?

सावजी_प्रेमी
मिस्त्रीला सदस्यत्व द्या.

रिटायर्ड_फिटर
ते खाचांचं तुम्ही नीट पाहिलंत. सरळ जाताना बेरिंग त्याच जागी ठोके खात राहतं, म्हणून खाचाही तिथेच पडतात. मग झटका बसला की रोलर खाचेतून उडतो, पुन्हा पडतो, आणि थरथर सुरू होते.

टो घरी होतो, आणि सॉलिड अ‍ॅक्सलवर तर छान होतो. अ‍ॅक्सल उचलून चाक फिरवा, टायरच्या मध्यावर आधी खडूचा पट्टा ओढा, मग खिळा एका जागी घट्ट धरून त्या पट्ट्यात बारीक रेघ पाडा. दोन्ही टायरना. खिळा हलला तर रेघ वाकडी, पुन्हा करा. मग गाडी खाली उतरवा, थोडी पुढे ढकला म्हणजे पाटे आणि टायर बसतील. आता दोन रेघांमधलं अंतर चाकाच्या पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर मोजा आणि तितकंच मागच्या बाजूला. मागचं वजा पुढचं म्हणजे टो-इन. टेप धरायला माणूस हवाच, एकट्याने लोंबतो.

रेडियल टायरला टो कमी पुरतो. मी असतो तर २-३ मिमी ठेवला असता. आमच्या सीजेचा तर पुस्तकात इंचात आहे, ३/६४ ते ३/३२. एवढासाच.

लॉकनट आवळताना दोन्ही एंडचे बॉल सरळ राहतील हे बघा, नाहीतर एंड आडवा होऊन वळताना अडकतो.

ग्रीस_गन
आणि टो लावल्यावर स्टेअरिंग वाकडं आलं तर टाय रॉडला हात लावू नका. ते ड्रॅग लिंकने सरळ करायचं, पिटमन आर्मपासून (स्टेअरिंग बॉक्सचा हात) नकलपर्यंत जाणारा रॉड. ती वेगळी गोष्ट आहे. स्टेअरिंग व्हील काढून दाते बदलून बसवणारे महाभाग असतात. त्याने व्हील सरळ दिसतं, पण बॉक्स मध्यावरून सरकतो आणि एका बाजूला गाडी कमी वळते.

बॉक्सवरचा प्ले काढायचा स्क्रू पण उगीच आवळू नका. मिस्त्रींचा पहिला हात तिथेच जातो. रिसर्क्युलेटिंग बॉलचा बॉक्स मध्यावर घट्ट केला की सरळ जाताना स्टेअरिंग जड होतं आणि आतले दाते झिजतात.

धरमपेठी_जिप्सी
रेघ मारून मोजलं. बाबांनी टेपचं एक टोक धरलं आणि पूर्ण वेळ "मारुतीवाले हे कसं करत असतील" विचारत राहिले. आधी ७ मिमी निघाला! बहुधा नकल घट्ट बसल्यामुळे जुन्या आकड्याला काही अर्थच राहिला नव्हता. रॉड फिरवून ३ वर आणला.

मग बुटीबोरीपर्यंत. सत्तर, पंचाहत्तर, तोच सिमेंटचा सांधा. काही नाही! स्टेअरिंगला एक झटका बसतो आणि संपतं. अजून थोडी भटकते, ते कॅस्टरचं असणार. मूळ शॅकल शोधतोय.

@कॅस्टर_कुंडली, आता तुमची पाळी.

कॅस्टर_कुंडली
मूळ शॅकल मिळालं तर सोनं. शॅकलच्या पिना आणि बुश त्याच वेळी नवीन टाका, आणि बुशच्या पिनांचे नट गाडी जमिनीवर पूर्ण बसल्यावरच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

वाडीचा_वाटसरू
आता डँपर टाकणार का?

धरमपेठी_जिप्सी
गरजच वाटत नाही.

वऱ्हाडी_ठेका
अन् कधी चालू गाडीत पुन्हा नाचलीच तं घाबरून ब्रेक नका मारू बरं. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग धरून राहायचं, लढायचं नाही. वेग उतरला की बसते जाग्यावर.

नवा_मेजरवाला
उशिरा आलो, सगळा धागा वाचला. एकच प्रश्न: नाल्यात हवा कमी करून उतरतो, मग डांबरी रोडवर लगेच भरायलाच पाहिजे का? घर वीस किलोमीटर आहे.

चार_बाय_चार
भरायलाच पाहिजे. कमी हवेवर टायरची बाजू डुलते, वर सांगितलेली सगळी दुखणी चाळीसलाच दिसायला लागतील, आणि टायर गरम होऊन फाटेल ते वेगळं. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.

नवा_मेजरवाला
ठेवतो. कोणता घेऊ, वेगळा धागा काढू का?

सावजी_प्रेमी
काढा, काढा. किंमत लिहा आधी.